वेबसाइटवरील मजकूर आणि छायाचित्रे प्रतिस्पर्ध्याने उचलल्यास काय करावे: नागपूरच्या लहान व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

आपल्या वेबसाइटवरील मजकूर एखाद्या प्रतिस्पर्ध्याने जसाच्या तसा उचलून स्वतःच्या नावाने लावला आहे, हे लक्षात आल्यावर बहुतेक व्यापारी आधी त्याला तावातावाने फोन करतात आणि मग व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे नाव घेऊन लिहितात. या दोन्ही गोष्टींत नुकसान आपलेच होते. फोन ठेवताच समोरचा माणूस मजकूर काढून टाकतो किंवा त्यात इकडेतिकडे चार शब्द बदलतो, आणि त्याने नक्कल केली होती हे दाखवायला आपल्या हातात काहीच उरत नाही. कायदा आपल्या बाजूने बराच आहे. मात्र त्याचा उपयोग व्हायचा असेल तर कामे ठरावीक क्रमाने करावी लागतात, आणि तो क्रम नवख्या माणसाला कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझा व्यवसाय करवतकाठी टसर साड्यांचा असून दुकान इतवारीत आहे. वेबसाइटवरील साड्यांची वर्णने, धुण्याच्या सूचना, परतीचे नियम आणि छायाचित्रे आम्ही घरच्या माणसांनीच तयार केली होती. दुसऱ्या एका विक्रेत्याने त्यातील बरीच पाने उचलली आणि ती काढून घेईपर्यंत जे जे करावे लागले, त्यातून पुढील टप्पे लिहिले आहेत. उदाहरणे साड्यांची असली तरी मसाले, शिकवणी वर्ग, केटरिंग, फर्निचर, दवाखाना अशा कोणत्याही व्यवसायाला हीच पद्धत लागू पडते.

१. कोणालाही कळू न देता आधी पुरावा जमवा

हे काम मोबाइलवर करू नका, कॉम्प्युटरवर करा. मोबाइलच्या स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पूर्ण पत्ता दिसत नाही आणि पुढे तोच सर्वात जास्त लागतो. ज्या ज्या पानावर तुमचा मजकूर आहे, त्या प्रत्येक पानाचा वरपासून खालपर्यंतचा स्क्रीनशॉट असा घ्या, की त्यात ब्राउझरमधील पत्ता आणि कॉम्प्युटरची तारीख व वेळ स्पष्ट दिसेल. तेच पान पीडीएफ म्हणूनही जतन करा. त्यानंतर ब्राउझरमधील ‘सेव्ह पेज’ वापरून संपूर्ण पान कोडसह साठवा, कारण कित्येकदा पानावर न दिसणाऱ्या गोष्टी कोडमध्ये सापडतात. नक्कल करणाऱ्याने घाईत तुमच्याच छायाचित्रांच्या लिंक तशाच ठेवलेल्या असतात आणि त्याच्या पानावरचे चित्र प्रत्यक्षात तुमच्या सर्व्हरवरून येत असते. चित्रावर राइट क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडले की वरच्या पत्त्यावरून हे लगेच कळते.

दुसरे साधन म्हणजे इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेचे वेबॅक मशीन. तेथे ‘सेव्ह पेज नाऊ’ या सोयीत त्यांच्या पानाचा पत्ता टाकला की त्या पानाची तारखेसह प्रत तिसऱ्या, तटस्थ ठिकाणी नोंदवली जाते. तेथेच स्वतःच्या पानाच्या जुन्या प्रतीही शोधा. तुमचे पान दोन वर्षांपूर्वी त्याच शब्दांत होते आणि त्यांच्या पानाच्या तेव्हाच्या प्रतीत तो मजकूर नव्हता, एवढे दाखवता आले तर “आम्हीच आधी लिहिले” हा नेहमीचा बचाव तेथेच संपतो. तरीही केवळ या संग्रहावर विसंबून राहू नका. काही साइटच्या प्रती तेथे साठत नाहीत आणि काही मालक त्या काढूनही घेतात.

मग एक तक्ता करा. डावीकडे तुमच्या पानाचा पत्ता व मूळ वाक्य, उजवीकडे त्यांच्या पानाचा पत्ता व तेच वाक्य, आणि शेवटच्या रकान्यात पाहिल्याची तारीख. पुढे होस्टिंग कंपनी (जिच्या सर्व्हरवर साइट साठवलेली असते ती), गुगल, वकील, सगळेच हा तक्ता मागतात.

तक्ता करताना सर्वात सुंदर लिहिलेल्या परिच्छेदामागे लागू नका; जे वाक्य दुसऱ्या कोणाला सुचणेच शक्य नाही, ते शोधा. आमच्या बाबतीत ते परतीच्या नियमांच्या पानावर सापडले. “साडीची घडी मोडलेली नसल्यास ती इतवारीतील दुकानात सायंकाळी सातपूर्वी आणून द्यावी” हे आमचे वाक्य त्यांच्या साइटवर तसेच राहिले होते, आणि त्या विक्रेत्याचे इतवारीत दुकानच नव्हते. छायाचित्रांतही असेच झाले. पदराच्या चित्रावरील आमच्या नावाची पट्टी त्यांनी कापून टाकली होती, पण उजव्या कोपऱ्यात आमच्या गादीवरच्या पांढऱ्या चादरीची निळी किनार बोटभर उरली होती. आमच्या मूळ फाइलमध्ये ती चादर पूर्ण दिसते. अशा दोन खुणा दहा सारख्या परिच्छेदांपेक्षा जास्त वजनदार ठरतात.

स्क्रीनशॉटच्या मूळ फाइलवर लाल वर्तुळे काढू नका, ती कापू नका, तिचे नावही बदलू नका. खुणा करायच्या असतील तर वेगळी प्रत काढून तिच्यावर करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही नमूद करायची असते. हॅश व्हॅल्यू हा फाइलवरून काढलेला अक्षरे व अंकांचा एक संच असतो आणि फाइलमध्ये थोडासा जरी बदल झाला तरी तो बदलतो. असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्ष कायद्यासंदर्भात २०२० मध्ये, जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट केले होते. तुमचे प्रकरण न्यायालयापर्यंत कदाचित जाणारही नाही, पण मूळ फाइल पहिल्या दिवशी जशी होती तशीच ठेवायला काही खर्च येत नाही.

२. नेमके काय उचलले आहे ते ठरवा

प्रत्येक साम्य म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ शब्दरचनेला, छायाचित्राला, रेखाटनाला संरक्षण देतो. कल्पनेला, माहितीला किंवा वस्तुस्थितीला देत नाही. करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, ती तीन धोट्यांनी विणतात, टसर विदर्भाच्या जंगलपट्ट्यातून येते, ही माहिती कोणीही लिहू शकतो आणि ती लिहिण्यापासून मी कोणाला अडवू शकत नाही. मात्र ती माहिती मी ज्या वाक्यांत, ज्या क्रमाने आणि ज्या तपशिलांसह मांडली, ती मांडणी माझी आहे. २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की केवळ श्रम घेतले म्हणून हक्क मिळत नाही, लेखनात किमान थोडी तरी स्वतःची सर्जनशीलता असावी लागते. त्यामुळे किमती, मापे, ‘सावलीत वाळवावे’ यांसारख्या सूचना आणि घटक पदार्थांची यादी यांवरून भांडत बसू नका. त्याने तुमची खरी तक्रार दुबळी होते.

तुमच्या मराठी मजकुराचा कोणी हिंदीत अनुवाद करून लावला असेल, तर मात्र तोही तुमच्या हक्कात येतो, कारण अनुवादाचा अधिकार मूळ लेखनाच्या मालकाचा असतो. साइटचे रंग आणि ढोबळ मांडणी यांवर दावा टिकवणे अवघड असते. दुकानाचे नाव किंवा बोधचिन्ह उचलले असेल तर तो विषय ट्रेडमार्कचा आहे आणि त्याची वाट निराळी आहे. नावाची नोंदणी झालेली नसली तरी, तुमच्या नावाच्या आड दुसऱ्याने स्वतःचा माल खपवल्यास त्याविरुद्ध दाद मागता येते, त्यासाठी थेट वकिलाकडे जावे.

एक प्रकार यापेक्षा गंभीर आहे. कोणी तुमच्या दुकानाच्या नावाने हुबेहूब साइट उभारून ग्राहकांकडून पैसे घेत असेल, तर ती नक्कल राहत नाही, फसवणूक ठरते. तेव्हा पुढील टप्पे बाजूला ठेवून ताबडतोब सायबर पोलिसांकडे तक्रार करा आणि ज्या ग्राहकांचे पैसे गेले त्यांना १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवायला सांगा.

३. मजकूर कायद्याने तुमचाच आहे ना, हे कागदोपत्री तपासा

लहान व्यावसायिकांचा सर्वात मोठा गैरसमज येथे असतो. “पैसे मी दिले, म्हणून लेखन माझे” हे बाहेरच्या लेखकाच्या बाबतीत खरे नाही. तुमच्या पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर, वेगळा करार नसल्यास, तुमचा ठरतो. मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून काढून घेतलेले छायाचित्रही, वेगळा करार नसल्यास, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार तुमचेच असते. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाकडून किंवा एजन्सीकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा हक्क लेखी हस्तांतरण होईपर्यंत लेखकाकडेच राहतो. हे हस्तांतरण लेखी आणि सहीसह असावे लागते. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे स्पष्ट लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत धरतो. वेबसाइट जगभर दिसत असल्याने या दोन रिकाम्या जागा पुढे महागात पडतात.

असा कागद झालेला नसेल तर तक्रार करण्याआधी लेखकाला भेटून तो करून घ्या. बहुतेक लेखक आनंदाने सही देतात, विशेषतः त्यांचेही श्रम चोरीला गेले आहेत हे समजल्यावर.

तुमच्या साइटवरील जी चित्रे विणकरांच्या संस्थेने, उत्पादक कंपनीने किंवा चित्रे पुरवणाऱ्या एखाद्या साइटने दिली असतील, ती तक्त्यातून आधीच वगळा. ती चित्रे प्रतिस्पर्ध्यालाही त्याच ठिकाणाहून मिळालेली असू शकतात. एक चुकीची नोंद सापडली की समोरचा तुमच्या उरलेल्या वीस खऱ्या नोंदींवरही संशय घेतो.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली त्या क्षणी हक्क निर्माण होतो. तरीही नोंदणी केल्यास नोंदवहीतील तपशील न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. नोंदणी नवी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन करता येते. त्यासाठी नमुना १४ भरावा लागतो. साहित्यकृतीचे शुल्क ५०० रुपये असून विक्रीच्या वस्तूंच्या संदर्भात वापरल्या जाणाऱ्या कृतीसाठी ते २,००० रुपये आहे. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. संपूर्ण वेबसाइट ही एकच कृती म्हणून नोंदवली जात नाही. मजकूर साहित्यकृती म्हणून आणि छायाचित्रे कलाकृती म्हणून वेगवेगळी नोंदवावी लागतात. नक्कल आधीच झालेली असेल तर नोंदणीची वाट पाहत थांबू नका.

येथे नागपूरकरांचा एक गोंधळ दूर करायला हवा. सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिच्या नावामुळे अनेक जण अर्ज घेऊन तेथे जातात. ती केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था आहे. तेथील अभ्यासक्रम आणि जागृतीचे कार्यक्रम खरोखर उपयोगी असतात आणि शहरात ही सोय असताना व्यावसायिकांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र कॉपीराइटचा अर्ज दिल्लीला आणि ट्रेडमार्कचा अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे, दोन्ही ऑनलाइन, करावे लागतात.

या टप्प्यावर एका फायलीत पुढील कागद एकत्र असावेत:

- नकलेचा तक्ता, स्क्रीनशॉट, पीडीएफ आणि साठवलेली पाने, मूळ स्वरूपात
- मजकुराचे जुने मसुदे, वेबसाइटवर पान टाकल्याची तारीख, त्यासंबंधीचे ई-मेल
- छायाचित्रांच्या कॅमेऱ्यातील मूळ फाइल. त्यांत काढल्याची तारीख व कॅमेऱ्याचा तपशील असतो
- लेखक, छायाचित्रकार व वेबसाइट करणाऱ्याची बिले, करार, हस्तांतरणपत्रे
- डोमेन (साइटचे इंटरनेटवरील नाव) आणि होस्टिंगच्या पावत्या, तुमच्या नावावर
- उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, भागीदारी असल्यास भागीदारीपत्र आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र

डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. हे फार ठिकाणी आढळते, आणि तक्रारीत मालकी सिद्ध करताना त्यामुळे नाहक अडचण येते.

४. त्या साइटच्या मागे कोण आहे ते शोधा

ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील साइटवर देणे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आवश्यक आहे. तो नसेल तर साइटवर किंवा बिलावर जीएसटी क्रमांक पाहा. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला की व्यवसायाचे नोंदणीकृत नाव मोफत दिसते. हू-इज या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधात डोमेनच्या मालकाचे नाव बऱ्याचदा झाकलेले असते, पण डोमेन कोणाकडून घेतले आणि नेम सर्व्हर (डोमेनवरून साइटपर्यंत पोहोचवणारे सर्व्हर) कोणाचे आहेत, हे तेथे दिसते. डोमेन विकणारी कंपनी आणि साइट प्रत्यक्ष साठवणारी होस्टिंग कंपनी या वेगवेगळ्या असू शकतात, आणि आपली तक्रार होस्टिंग कंपनीकडे जायला हवी. नेम सर्व्हर क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवा देणाऱ्या कंपनीचे दिसले तर खरी होस्टिंग कंपनी त्यांच्यामागे असते. क्लाउडफ्लेअरच्या तक्रार अर्जातून ती कोणती हे कळू शकते.

शोधताना एक शक्यता मनात असू द्या. अनेकदा नक्कल दुकानदाराने केलेलीच नसते. त्याने एखाद्याला “साडीची साइट करून दे” म्हणून ठरावीक रक्कम दिलेली असते, आणि त्या माणसाने तुमची साइट समोर ठेवून सारे उतरवून काढलेले असते. त्याने कायदेशीर जबाबदारी टळत नाही, पण पहिल्या पत्राची भाषा कशी असावी, हे त्यावरून ठरते.

५. पहिले पत्र स्वतः, शांत भाषेत पाठवा

वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लहान व्यापारी वकिलाचे पत्र पाहून आपला वकील गाठतो, तो वकील सगळे नाकारणारे उत्तर लिहितो, आणि जो मजकूर आठ दिवसांत निघाला असता तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. साधे, नेमके आणि पुराव्यासह लिहिलेले पत्र बरेचदा पुरेसे होते. त्याचा नमुना असा:

“महोदय, आमच्या संकेतस्थळावरील सोबतच्या तक्त्यात नमूद केलेला मजकूर व छायाचित्रे आमची स्वतःची निर्मिती असून ती आमच्या परवानगीशिवाय आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेली आढळली. दोन्ही पानांचे पत्ते व प्रती सोबत जोडल्या आहेत. हा मजकूर आपल्या वतीने अन्य कोणी टाकला असण्याची शक्यता आम्ही लक्षात घेतली आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत सदर मजकूर व छायाचित्रे संकेतस्थळ, समाजमाध्यमे व व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग येथून काढून तसे लेखी कळवावे, ही विनंती. आमचे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहोत.”

हे पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टने, पोचपावतीच्या सोयीसह, अशा दोन्ही मार्गांनी पाठवा. त्यात पैशांची मागणी घालू नका. ती घातली की पत्राचा हेतूच संशयास्पद ठरवला जातो. “तुरुंगात टाकू” अशी भाषाही नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० नुसार, निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध समोरच्यालाच न्यायालयात जाता येते. फेसबुकवर किंवा व्यापारी ग्रुपवर नाव घेऊन ‘चोर’ म्हटले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि मग मूळ तक्रारदार असूनही बचाव तुम्हालाच करावा लागतो.

फोन आला तर सौजन्याने बोला आणि जे ठरले ते त्याच दिवशी ई-मेलने लिहून पाठवा.

६. उत्तर न आल्यास होस्टिंग कंपनी आणि मंचांकडे तक्रार करा

सात दिवस उलटूनही मजकूर तसाच असेल तर ज्याच्या सर्व्हरवर तो आहे, त्याच्याकडे जा. साइट अमेरिकी कंपनीकडे असल्यास तेथील १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार तक्रार करता येते. त्यासाठी तुमची अमेरिकेत नोंदणी असण्याची गरज नाही. तक्रारीत मूळ कृती कोणती, नक्कल कोणत्या पत्त्यांवर आहे, तुमचा संपर्क, ‘या वापराला परवानगी नाही असे आम्ही प्रामाणिकपणे मानतो’ हे विधान, दिलेली माहिती अचूक असल्याचे आणि तुम्ही मालक किंवा अधिकृत प्रतिनिधी असल्याचे शपथेच्या जबाबदारीवरील विधान, आणि सही, एवढे असावे लागते. कंपनी मजकूर काढते आणि साइटच्या मालकाला कळवते. त्याने प्रतिनोटीस (तुमची तक्रार चुकीची असल्याचे लेखी उत्तर) दिली आणि तुम्ही दावा दाखल केल्याचे कळवले नाही, तर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावला जातो. म्हणून प्रतिनोटीस आली की ती बाजूला ठेवू नका, लगेच वकिलाला दाखवा.

भारतीय होस्टिंग कंपनीकडे तक्रार करताना कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ महत्त्वाचा आहे. योग्य लेखी तक्रार मिळाल्यावर कंपनीने ३६ तासांच्या आत त्या मजकुरापर्यंतचा मार्ग बंद करायचा असतो. तो मार्ग २१ दिवस बंद राहतो, आणि तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. याहून मोठी अडचण अशी, की या तक्रारीत ‘मी सक्षम न्यायालयात दावा दाखल करून आदेश सादर करीन’ अशी हमी द्यावी लागते. नमुना भरताना अनेक जण ही ओळ न वाचता सही करतात. दावा करायची तयारी नसेल तर हा मार्ग धरू नका. पत्रव्यवहार, समाजमाध्यमे व विक्रीच्या मंचांकडील तक्रारी आणि गुगल एवढ्यावर काम भागते का, ते आधी पाहा.

इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग आणि खरेदी-विक्रीचे मंच यांचे तक्रार अर्ज वेगवेगळे असतात. एकीकडे केलेली तक्रार दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक तक्त्यात नोंदवत चला.

७. गुगलमधून ती पाने काढून घ्या

गुगल साइट बंद करत नाही. ते केवळ शोधाच्या निकालातून पान वगळते. तरीही ग्राहक गुगलवरूनच येत असल्याने याचा परिणाम मोठा असतो. गुगलच्या कायदेशीर तक्रारींच्या अर्जात ‘गुगल सर्च’ हे उत्पादन आणि ‘कॉपीराइट’ हे कारण निवडा. नुसता मुखपृष्ठाचा पत्ता देऊन भागत नाही, नक्कल असलेल्या प्रत्येक पानाचा स्वतंत्र पत्ता आणि त्यासमोर तुमच्या मूळ पानाचा पत्ता द्यावा लागतो; तक्ता तयार असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. अर्जाची प्रत लुमेन या, अशा तक्रारी साठवणाऱ्या सार्वजनिक संग्रहाकडे जाऊ शकते. म्हणून त्यात घरचा पत्ता, खासगी हेवेदावे, ग्राहकांची नावे असे काही लिहू नका.

नक्कल झाली म्हणून गुगल तुमच्या साइटला शिक्षा करते, ही समजूत चुकीची आहे. सारखाच मजकूर अनेक ठिकाणी दिसल्यास गुगल त्यांतील एक पान मुख्य मानून ते दाखवते. ते पान तुमचे असावे यासाठी तुमच्या पानांवर कॅनॉनिकल टॅग (मुख्य पान कोणते हे गुगलला सांगणारी कोडमधील ओळ) बरोबर आहे ना, एवढे वेबसाइट करणाऱ्याकडून तपासून घ्या. काही एजन्सी या भीतीचा फायदा घेऊन सारी साइट नव्याने लिहून देण्याचे दर सांगतात. तो खर्च अनावश्यक आहे.

८. वकील, न्यायालय आणि पोलीस

एवढे करूनही मजकूर निघत नसेल, किंवा निघून पुन्हा पुन्हा लागत असेल, तर बौद्धिक संपदेची कामे करणारा वकील गाठा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे वादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो. समोरचा सुरतेचा असो वा बंगळुरूचा, नागपूरच्या व्यापाऱ्याला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाता येते. परगावी खेटे घालण्याची धास्ती बाळगू नका. न्यायालय मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि समोरच्याने मिळवलेल्या नफ्याचा हिशेब असे उपाय देऊ शकते. दाव्याचे मूल्य तीन लाख रुपये किंवा अधिक असल्यास प्रकरण वाणिज्यिक न्यायालयाच्या कक्षेत येते. तेथे तातडीच्या अंतरिम (निकालापूर्वीच्या तात्पुरत्या) मनाईची मागणी नसेल, तर दाव्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करून पाहणे सक्तीचे आहे. ही मध्यस्थी टाळण्याची धडपड करू नका. एकाच बाजारातील दोन व्यापाऱ्यांचा वाद समोरासमोर बसून, लेखी तडजोडीने मिटत असेल तर ते न्यायालयीन निकालापेक्षा लवकर होते आणि त्या तडजोडीची अंमलबजावणीही करून घेता येते. नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत भंगाच्या तारखेपासून तीन वर्षे असते.

जाणूनबुजून केलेली नक्कल हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली फौजदारी गुन्हाही आहे: सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितले. तरीही साध्या मजकुराच्या नकलेसाठी पोलीस ठाण्यातून सुरुवात करू नये असे मला वाटते. तपास आपल्या हातात राहत नाही, तडजोडीची दारे बंद होतात आणि पान मात्र तसेच दिसत राहते. संघटितपणे, अनेक दुकानांचा माल व चित्रे उचलून कोणी धंदाच करत असेल, तर गोष्ट वेगळी; तेव्हा सर्व दुकानदारांनी मिळून, एकाच तक्त्यासह तक्रार द्यावी.

वकिलाची फी ठरवताना नोटीस, अंतरिम अर्ज आणि पुढील दावा यांची रक्कम वेगवेगळी विचारून घ्या.

९. मजकूर निघाल्यावर

काढल्याचा ई-मेल आला म्हणून फाइल बंद करू नका. तक्त्यातील प्रत्येक पत्ता स्वतः उघडून पाहा, कारण पान दिसेनासे झाले तरी चित्रांच्या फाइल सर्व्हरवर राहिलेल्या असतात आणि त्या थेट पत्त्यावर उघडतात. शक्य असल्यास समोरच्याकडून ‘हा मजकूर पुन्हा वापरणार नाही’ असे सही-शिक्क्यासह लेखी घ्या. पुढे तेच पुन्हा घडले तर ‘माहीत नव्हते’ म्हणायला जागा राहत नाही.

राइट क्लिक बंद करण्याच्या युक्तीवर पैसे घालवू नका. नक्कल करणाऱ्याला ती अडवत नाही. पत्ता किंवा फोन क्रमांक कॉपी करू पाहणाऱ्या ग्राहकाची मात्र गैरसोय होते. त्याऐवजी नवे पान टाकताच त्याची वेबॅक मशीनवर नोंद करा, छायाचित्रावर दुकानाचे नाव कोपऱ्यात न घालता वस्त्राच्या अंगावरूनच फिकट अक्षरांत घाला, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. मालकीची अशी खूण जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

तुमच्या मजकुरातील तीन-चार वेगळी वाक्ये निवडून ती अवतरणचिन्हांत घालून महिन्यातून एकदा गुगलवर शोधा, त्याच वाक्यांचे गुगल अलर्ट (ते शब्द नव्याने दिसल्यास ई-मेल पाठवणारी सोय) लावा आणि प्रमुख छायाचित्रे गुगल लेन्समधून तपासा. नक्कल पुन्हा आढळली तर जुन्याच तक्त्यात नव्या तारखेची ओळ जोडा. मजकूर निघाल्यापासून किमान तीन वर्षे ही फाइल एका पेन ड्राइव्हवर आणि एका कागदी प्रतीत, अशी दोन ठिकाणी ठेवा.